सात नंबरचा ॲशट्रे

ढोके सरांच्या घरून माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. चहा-चिवडा मिळो न मिळो, एखादा किस्सा बरोबर येतोच! आम्हा रिटायर मास्तरांच्या अड्ड्यावर ते किस्से इतके साचलेत की, कोणी नुसतं "काल हुडकेश्वरला सरांकडे गेलो होतो" म्हटलं तरी बाकीचे खुर्च्या पुढे ओढतात.

सर आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, मी गणित. या माणसाने शंभरावर जुने ॲशट्रे जमवलेत. काचेचे, पितळेचे, चिनीमातीचे. आणि स्वतः जन्मात एक बिडी ओढली नाही!

हे वेड कुठून आलं ते आधी सांगतो. सरांचे बाबा सदर भागातल्या एका हॉटेलात वेटर होते. बारा टेबलं, त्यावर बारा पितळी ॲशट्रे, प्रत्येकाच्या बुडाला टेबलाचा नंबर कोरलेला. बाबा ते रोज घासूनपुसून लख्ख करायचे. एक दिवस त्यांच्या टेबलावरचा सात नंबर गायब झाला. मालकाने चौकशी केली नाही, आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." बाबा मरेपर्यंत एकच सांगत राहिले, "सात नंबर मी नाही नेला बाप्पा!"

पुढे हॉटेल बंद पडलं, सामान भंगारात गेलं, आणि सर त्या बारांच्या मागे लागले.

* * *

रविवारच्या जुन्या बाजारात सर पितळेचा ॲशट्रे दिसला की पहिले उलटा करतात. एका भंगारवाल्याला राहवलं नाही.

"सर, सारी दुनिया वरून पाहते. तुम्ही खालून काहून पाहून राहिले?"

"मास्तर आहे गा मी," सर म्हणाले. "नाव मागून पाहतो, पहिले नंबर पाहतो!"

अशाने वीस वर्षांत अकरा जमले. बाकीचे नव्वद? ते शोधताना वाटेत भेटलेले. "आता वाटेत भेटलेल्याले घरी बोलवायचं नाही का?" असं सर विचारतात, आणि शीलावहिनी कपाळावर हात मारतात.

* * *

पण मांडलेत असे की बघत राहावं! शेवटी ड्रॉइंगमास्तरचा डोळा. हिरव्या काचेचे पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेत, चार वाजता फरशीवर हिरवे कवडसे पडतात. शिंपल्याच्या आकाराच्या एकात इवलंसं रोपटं लावलंय. चिनीमातीचे तर भिंतीवर असे चढलेत की घराला रंग द्यायला आलेला पेंटर दारातच थबकला.

"सर, रंग देतो. पण भिंत कुठं आहे?"

हॉलच्या मधोमध एक लांब फळी आहे. तिच्यावर ते अकरा, ओळीने. सहाच्या पुढे हातभर जागा रिकामी, मग आठ. पेंटरने काम संपल्यावर आपल्या हिशेबाने सगळे सारखे अंतर ठेवून मांडले. सर बाजारातून आले, पाहिलं. पुन्हा एकेक उचलून जागा मोकळी केली. वहिनी बाकीच्या अकरांवर फडकं मारतील न मारतील, ती रिकामी जागा मात्र रोज पुसायच्या. वहिनींची थोरवी यात आहे, पण हे त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही!

* * *

एकदा पंखा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन आला. काम झालं, त्याने बिडी पेटवली, आणि शेजारच्या काचेच्या ॲशट्रेवर झटकणार तोच सर ओरडले, "अरे अरे अरे! राख नको पाडू त्यात!"

तो दुसऱ्याकडे वळला. सर आडवे. तिसऱ्याकडे वळला. सर पुन्हा आडवे. शेवटी बिचारा बिडी घेऊन अंगणात पळाला आणि तिथून म्हणाला, "गजब घर आहे बाप्पा! शंभर ॲशट्रे, अन् राख टाकाले जागा नाही!"

* * *

सरांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. वहिनींनी बजावलं, "हे पाहून त्याइले वाटन, घरात सारे बिड्या फुकणारे आहेत. उचला!" सरांनी दिवसभर खपून सगळे दिवाणाखाली लपवले, धुतलेले काही काचेचे तेवढे ओट्यावर राहिले.

पाहुणे बसले. आणि गडबडीत वहिनींनी चिवडा आणला तो नेमका काचेच्या ॲशट्रेंमध्ये! मुलाच्या आईने वाटी निरखली.

"वाट्या मोठ्या सुंदर आहेत वं. पण काठाले ह्या खाचा कायच्या?"

सरांनी आपली वाटी मांडीआड सरकवली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "चमचा ठेवाले."

लग्न जमलं. विहीणबाईंनी अहेरात दुसरं काही मागितलं नाही, फक्त म्हणाल्या, "त्या चमचा ठेवायच्या वाट्या सहा द्या!"

* * *

आता शेवटचा. हा मी डोळ्यांनी पाहिलेला.

मागच्या श्रावणात आमचा जुना विद्यार्थी नितीन, लकडगंजातला लाकडाचा व्यापारी, त्याच्याकडे सत्यनारायण होता. सर आणि मी प्रसादाला गेलो. देवघरापुढे वाकून हात जोडले आणि सर वर उठेचनात.

देवापुढे दिवा जळत होता. पितळेचा, काठाला तीन खाचा, एका खाचेत वात.

नितीनची आजी कौतुकाने म्हणाली, "आमच्या ह्यांनी आणला होता तो, सदरच्या हॉटेलातून! आवडला म्हणून कोटाच्या खिशात टाकला. मी म्हटलं, चोरीचा माल घरात नको. तर म्हणतात, देवाजवळ ठेव, देव पाहून घेईल!"

सगळे हसले. मी सरांचा हात धरला.

"आजी," सर म्हणाले, "हात लावू का?"

"लावा नं मास्तर." आजीने वात उचलून निरांजनात ठेवली.

सरांनी तेल वाटीत ओतलं, उलटा केला. तेलाच्या काळ्या थराखाली सात. मला वाटलं, आता बोलतील. बोलायलाच पाहिजे होतं! पण सरांनी उदबत्तीच्या घराखालची राख चिमटीत घेतली, खिशातून रुमाल काढला आणि मांडी घालून घासायला बसले. आधी आतून, मग तिन्ही खाचा, सगळ्यात शेवटी नंबर.

"किती छान घासता हो!" आजी म्हणाली. "कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

लख्ख झाला. सरांनी तेल भरलं, वात लावली, डोकं टेकवलं, प्रसाद खाल्ला. मी स्कूटरवर मागून ओरडत होतो, "सर, मागाचा तरी! निदान सांगाचं तरी!" सरांनी स्कूटर सरळ हुडकेश्वरला आणली.

घरी वहिनी फडकं घेऊन फळीपाशी उभ्या होत्या. सरांनी चप्पल काढली आणि म्हणाले, "ती जागा नको पुसू वं आता. सात नंबर ड्युटीवर आहे."