बाबांचा आवाज मी बंद ठेवलेला

नवऱ्याने जुना लॅपटॉप आणलेला, त्यात विंडोज रडत चालायचं, म्हणून त्याने त्याजागी लिनक्स बसवून दिलं आणि तो घोडबंदर रोडला कामावर निघून गेला. पुढचं सगळं मीच केलं. नववीपर्यंत शिकलेली मी, प्रत्येक बटण दाबताना धडधड, बिघडलं तर काय. दुपारी पोरगी झोपली की ट्रॅक्टरचा गेम खेळायचा आणि लाइव्ह टाकायचा, एवढंच डोक्यात. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन दिवस नुसती काळी स्क्रीन. मग कळलं, लॉगिन करताना कोपऱ्यात छोटं चाक असतं, तिथे दुसरा पर्याय घ्यायचा. घेतला आणि शेत दिसलं.

सासरे, त्यांना मी बाबाच म्हणते, शेजारी येऊन बसायचे. आमचं डोंबिवलीजवळचं जुनं गाव, बाबांची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगा. गेम बघताना त्यांची आगरी जीभ थांबायची नाही. "गो पोरी, गारी कवरी वाकरी चालवतंस, बांध फोरशील ना." मी हसून हसून लोळायचे.

पण माइकवर मी लाल फुली मारून ठेवलेली, म्हणजे आवाज बाहेर जायचाच नाही. शाळेत माझ्या आगरी बोलण्यावर पोरी खिदळायच्या, तेच आठवायचं. बघणारे दहा-बारा जण, तेपण हसतील. बाबा विचारायचे, लोकं ऐकतात ना? मी हो म्हणायचे. रोज.

मग टिटवाळ्याला एका हळदीत बाबांनी सगळ्यांना गोळा करून टीव्हीवर माझा व्हिडिओ लावायला लावला. ट्रॅक्टर नुसता घुरघुरत राहिला. त्यांची बहीण म्हणाली, "दादा, तू मुका जालास का रं?" सगळे हसले. मी घाबरून बोलून गेले, लिनक्सवर माइक पकडत नाही. आणि बाबा माझीच बाजू घेऊन भांडायला लागले, मशीन जुनं आहे, पोरीने एकटीने जमवलंय, तुमच्यात कोणाला येतं का.

दुसऱ्या दुपारी फुली काढली आणि सांगून टाकलं, बाबा, मीच बंद ठेवलेला, लाज वाटायची.

ते स्क्रीनकडेच बघत होते. "माजे बोलन्याची?"

मी हो म्हणून मान हलवली. का हलवली, असं लगेच झालं.

मग ते लॅपटॉपजवळ वाकले, धड्यातलं वाचल्यासारखं म्हणाले, "नमस्कार. हा ट्रॅक्टर आहे. हे शेत आहे." आणि मागे सरकून बसले.

आता माइक रोज चालू असतो. बाबा बसतात, वळायचं असलं की हाताने दाखवतात. मी आगरीतच बडबडत राहते, मुद्दाम ट्रॅक्टर उलटा घालते, वैतागून तरी बोलतील म्हणून.