सव्वासहाचा फोन

कंपनीच्या स्मरणिकेसाठी 'मोठ्या साहेबांचा दिवस कसा जायचा' यावर दोन पानं लिहून द्या, असं सध्याच्या साहेबांचं पत्र आलं. माझ्याकडे बावन्न वर्षांच्या डायऱ्या आहेत. शाळेत आमच्या सिस्टर सांगत, घडलं ते लिहा, वाटलं ते देवाला सांगा. तेव्हा घडलं ते लिहिते.

हे सकाळी साडेसहालाच बूट चढवत. ऑफिस नऊचं असायचं, पण अनवाणी माणसाला फोनवर ठामपणे बोलता येत नाही, असं ह्यांचं म्हणणं. फोन दाढी करताना यायचा, जेवताना यायचा, सासूबाईंना खांदा देऊन परतल्यावरही आला होता. एक कान जगासाठी आणि एक माझ्यासाठी, अशी वाटणी होती. माझ्या वाटणीचा डावा, आणि तो जरा अधूच होता.

रंगाच्या कारखान्यातली चारशे माणसं ह्यांना घाबरत आणि हे संचालक मंडळाला. सासूबाई गेल्यानंतर ह्यांना 'अरे' म्हणणारं कुणी उरलं नाही. मीटिंगमध्ये विनोद सांगितला की तो संपायच्या आधीच सगळे हसत. म्हणून हे तो आधी घरी सांगून बघत.

"हसली नाहीस?"

"हसण्यासारखं काय होतं त्यात?"

"मग उद्या सांगत नाही," म्हणत आणि खरंच समाधानाने झोपत.

दर चार वर्षांनी घराला कंपनीची नवी छटा लागे. मुलं म्हणत, आपण घरात नाही, नमुन्याच्या पुस्तकात राहतो.

ह्यांनी घालून दिलेला एक नियम जुन्या लोकांना आठवत असेल. कारखान्याच्या फाटकाशी दोन फळ्या होत्या, एक 'आत' आणि एक 'बाहेर'. प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. आत जाताना तो 'आत'च्या फळीवर लावायचा, घरी जाताना उचलून 'बाहेर'च्या. त्या फळ्या सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे बिल्लेमामा म्हणत. पाळी सहाला सुटे. सव्वासहाला बिल्लेमामांचा आमच्या घरी फोन येई. "तीनशे अठ्ठ्याण्णव आत गेले, तीनशे अठ्ठ्याण्णव बाहेर आले, साहेब." हे "ठीक" म्हणत आणि मग बूट काढत. फोन आल्याशिवाय बूट कधी काढले नाहीत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता त्या दिवसाची नोंद देते, जशीच्या तशी.

'गुरुवार. सोफ्याच्या खोळी धुतल्या. पाचला परदेशी गिऱ्हाईक चहाला, तिघे. मोठी ऑर्डर आहे. ६.१५ फोन. मी ट्रे घेऊन पॅसेजमध्ये. हे म्हणाले, "एक कमी? मामा, कुणीतरी बिल्ला हलवायला विसरला असेल. उद्या बघू." हसतच दिवाणखान्यात परतले. ऑर्डर मिळाली.'

शुक्रवारी सकाळी सात नंबरच्या टाकीत दोनशे सतरा नंबरचा माणूस सापडला. तळाची खपली खरवडायला एकटाच उतरला होता, वाफेने गुदमरला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी आठपर्यंत तरी जीव असावा.

चौकशीत ह्यांना विचारलं, फाटकावरून फोन आला होता का? हे म्हणाले, नाही. बिल्लेमामांच्या कागदावर 'कामावर झोपले' असा शेरा पडला आणि अठरा वर्षांची नोकरी गेली.

त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "फोन आला होता."

"मी गेलो तर ऑर्डर जाईल. चारशे घरं बसतील."

हे खोटं नव्हतं. पण मामांच्या घराचं काय, असं मी विचारायला हवं होतं. डायरीत एवढंच आहे : 'पुढे विचारलं नाही. चहा गार झाला.'

त्यानंतर अकरा वर्षं हे मोठे साहेब होते. बक्षिसं मिळाली, भाषणं झाली. घराला मात्र पुन्हा रंग लागला नाही. रंगाचा डबा उघडला की हे जेवणावरून उठत. कंपनीचे लोक दबकत विचारत, "साहेब, भिंतींना पोपडे आलेत." हे म्हणत, "राहू द्या."

निवृत्तीनंतर फाटकाचा फोन बंद झाला. पहिल्याच सोमवारी सव्वासहाला हे पॅसेजमध्ये गेले, न वाजलेला फोन उचलला आणि म्हणाले, "पुन्हा मोजा, मामा." मग रोज. मी मोजून सांगायला लागले, "सगळे आले हो बाहेर." हे माझ्याकडे बघत आणि म्हणत, "तुला काय माहीत?" शेवटची सहा वर्षं बूट काढून घेणं मुश्किल झालं होतं. "अजून फोन कुठे आलाय?" गेले तेव्हाही पाय सुजून बूट घट्ट बसले होते, कातरीने कापावे लागले.

चार वर्षं झाली. सव्वासहाला त्या पॅसेजमध्ये माझं पाऊल पडत नाही.

स्मरणिकेचं पत्र आल्यावर ती डायरी घेऊन मी बिल्लेमामांकडे गेले. वय शहाऐंशी, कान माझ्यापेक्षा बरे. दार त्यांच्या लेकीने उघडलं. ती शिक्षिका आहे.

"मामा, मी मोठ्या साहेबांची..."

"ओळखलं की, बाई. फोन तुम्ही उचललात तर नेहमी म्हणायचात, 'थांबा हं, बूट येतायत.'" ते हसले. मग माझ्या हातातली त्या वर्षाची डायरी बघून हसायचे थांबले. "मोठ्याने वाचा. हिच्यासमोर."

मी वाचलं.

"खोळीसुद्धा लिहिल्यात!" मामा म्हणाले. मग लेकीकडे वळले. "ऐकलंस? केला होता मी फोन. तुझी आई जाईस्तोवर म्हणत राहिली, 'अहो, डोळा लागला असेल तुमचा, कबूल करा.' शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, लागला असेल."

लेक मला म्हणाली, "तेव्हा का नाही आणलीत ही?"

मी डायरी मिटून तिच्या हातात ठेवली.

"बसू दे गं त्यांना," मामा म्हणाले. "बाई, मीही फाटक सोडून आत धावायला हवं होतं. साहेब म्हणाले उद्या, मी म्हटलं बरं. तो बिल्ला 'आत'च्या फळीवर एकटा लटकत होता आणि मी कुलूप घालून घरी आलो. त्याची शिक्षा म्हणून झोपायचा शेरा परवडला असता मला, पण तो खरा नव्हता." मग म्हणाले, "हे छापून येईल?"

"लिहीन," मी म्हटलं.

तेव्हा संपादकांना विनंती. साहेबांचा दिवस असा जायचा. वरची गुरुवारची नोंद एक शब्दही न गाळता छापा, आणि मामांच्या कागदावरचा शेरा खोडल्याचं तिच्याखाली छापा. ते जमणार नसेल तर ह्यांचा फोटोही छापू नका. तो परत पाठवा. डायरी मामांच्या लेकीकडे ठेवली आहे, ताडून बघायची असल्यास तिच्याकडे जावं. संध्याकाळी सहानंतर ती घरी असते.