खेमसिंगचा ठसका

बोरी अरबजवळच्या तांड्यात खेमसिंगसारखी हाक कोणाची नव्हती. तो नाल्याकाठून ओरडला की गुरं आपसूक घराकडे वळत. त्याच गड्याच्या हातातली काठी छप्पन साली गळायला लागली. मग पाय गेले, मग जीभ जड झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनीही हात टेकले. नसांचा रोग, औषध नाही.

उरली बायको रुपीबाई आणि तिच्या हातची अंबील. ती त्याची हनुवटी खाली धरून बोटाबोटाने भरवायची. तरी घासाघासाला ठसका लागे, डोळे पांढरे होईस्तोवर. त्या मेल्या ठसक्याचा तिला असा राग आला, की तिने देवाला साकडं घातलं, "सेवाभाया, ह्यायचा ठसका तेवढा थांबव. तुले भोग लावीन."

देवाने ऐकलं म्हणायचं! रात्र रात्र भिंतीला टेकून बसणारा खेमसिंग दिवसाही झोपू लागला. उठवलं तर कपाळाला आठ्या घालून पुन्हा डोळे मिटायचा. ठसका कमी होत होत थांबला. तांड्याचा नायक बाबूसिंग म्हणाला, "आराम पडला रुपी, आराम!" वऱ्हाडात दुखणं बरं झालं तरी आराम, नुसतं निजलं तरी आराम. त्या एका शब्दाने सारा तांडा फसला.

निखाऱ्यावर तूप-शिऱ्याचा भोग लागला, अरदास म्हणजे तांड्याची प्रार्थना झाली. रुपीबाईने प्रसादाचा घास नवऱ्याच्या तोंडात घातला आणि रोज हनुवटी धरणारे हात देवापुढे जोडले. घास उतरला. ठसका नाही. ती आनंदाने रडली.

दुसऱ्या दिवशी त्याचं अंग तव्यासारखं तापलं. छातीत घुरघुर, ओठ काळेनिळे. छकड्यातून, मग गाडीने त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "खोकला येत होता का?"

"नाही साहेब, तो त कवाचाच बंद झाला," ती अजून कौतुकानेच म्हणाली.

"बाई, खोकत होता तोवर अन्न छातीत जात नव्हतं. खोकायची ताकद संपली म्हणून खोकला थांबला. श्वास पुरत नव्हता म्हणून झोप होती. तेव्हाच आणायचं होतं."

"मंग हे मले पयले काहून नाही सांगतलं?"

खेमसिंग तिथेच गेला.

रुपीबाई पुढे पुष्कळ जगली. पंगतीत कोणाला ठसका लागला, की "कोणी आठवण काढली" म्हणत बायका पाणी घेऊन धावायच्या. रुपीबाई त्यांचा हात धरायची.

"खोकू द्या त्याले," म्हणायची. "खोकते तवर हाय तो."