अण्णांचं शेलू

जालना मागे पडलं तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं आणि अण्णा खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत होते. गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर घडीची चाकाची खुर्ची होती, औषधांची पिशवी होती, पाण्याचा कॅन होता. डोक्यात भाऊ सुधीरची तंबी होती. आदल्या संध्याकाळी पुण्याहून फोनवर तो म्हणाला होता, "ताई, हे शेवटचं. यानंतर डॉक्टर सांगतात ती गुंगीची गोळी सुरू करायची."

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हातातली ताकद गेली आणि बोलणं गेलं. जन्मभर वर्गात बोललेल्या माणसाजवळ एकच शब्द उरला. "शेलूला." सकाळी उठले की शेलूला, रात्री दिवा मालवला की शेलूला, आणि दाराकडे डावं बोट. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रबरी चेंडू मुठीत द्यायची, तो ते गादीवर टाकून द्यायचे. ताट अर्ध्यावर सोडायचे. झोप तर जवळजवळ गेलीच होती.

शेलूला जायचं, तर जाऊ या, असं आम्ही ठरवलं. पण कुठल्या? परभणी जिल्ह्यात सेलू आहे. अण्णांची जीभ जड झालेली, श आणि स सारखेच ऐकू येतात, म्हणून आधी तिथे गेलो. स्टेशनाच्या बाहेर गाडी उभी केली आणि अण्णांनी मान हलवली. नाही. नेरळजवळ एक शेलू आहे, ते सुधीरने दाखवून आणलं. नाही. वर्ध्याचं सेलू ऐकल्याबरोबर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझी आतेबहीण शैला, तिला लहानपणी घरात शेलू म्हणायचे. तिच्याशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं. अण्णांनी पडद्यावरच तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शेलूला." कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली की भोकराच्या झाडाचं जुनं नाव शेलू. मग भोकराचं लोणचं आलं. ते अण्णांनी चाटूनपुसून खाल्लं. शब्द तोच राहिला.

वाशिम जिल्ह्यातलं शेलूबाजार मला नकाशावर सापडलं. अण्णांच्या नोकरीची पहिली वर्षं त्या बाजूला गेली, एवढं आईच्या तोंडून ऐकलं होतं. गाव कोणतं, ते तिलाही सांगता येत नसे. त्या वेळी त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि आई आता नाही.

सिंदखेडराजा, मेहकर असं करत जुन्या नागपूर रस्त्याने आम्ही निघालो. मेहकर सोडलं की जमीन हळूहळू काळी होत जाते. सोयाबीन निघून गेलं होतं. तुरी मात्र उभ्या होत्या, शेंगांनी वाकलेल्या. मधूनमधून कपाशीचे पट्टे, आणि रस्त्यावर कापूस कोंबून कोंबून भरलेल्या गाड्या. एका गाडीतून उडालेला कापसाचा पुंजका आमच्या काचेवर येऊन चिकटला, तेव्हा अण्णा हसले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मालेगावात शिरलो तशी गर्दी लागली. हे मालेगाव नाशिककडचं नव्हे. हे मालेगाव जहांगीर, वाशिमला जाणारा फाटा इथून फुटतो. बस, मोटरसायकली, बियाण्यांची दुकानं, फळांच्या गाड्या. तेवढ्यात अण्णा डाव्या हाताने काचेवर थाडथाड मारायला लागले. त्यांना लघवीला लागली असेल असं समजून मी घाईघाईने गाडी बाजूला घेतली, मागे उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, खुर्ची काढली, ती उघडताना माझं बोट चेमटलं. एवढं करून अण्णा खाली उतरेनात. नुसते गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले. "अण्णा, असं काय करता?" मी जरा जोरातच म्हणाले. खुर्ची परत मागे कोंबली आणि गाडी चालू केली. गाव संपेपर्यंत त्यांची मान मागे वळलेली होती.

शेलूबाजार आलं. मी चौकात गाडी थांबवली. दुकानाच्या पाटीवरचं गावाचं नाव त्यांना बोटाने दाखवलं. अण्णांनी ते वाचलं. वाचता त्यांना येत होतं, लिहिता मात्र येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

मला वाटलं होतं की मी रडेन. रडले नाही, कारण भूक लागली होती. समोर एका हॉटेलाबाहेर कढईत आलुबोंडे तळत होते. वऱ्हाडात हॉटेल म्हणजे चहा-नाश्त्याचं दुकान. अण्णांना खुर्चीत बसवून आत नेलं. गल्ल्यावर साठीच्या एक बाई होत्या, कपाळाला मोठं कुंकू. त्यांना सगळे शांताबाई म्हणत होते. त्यांनी बोंडे दिले, सोबत तळलेल्या मिरच्या दिल्या आणि अण्णांकडे बघत उभ्या राहिल्या.

"बुवाले काय झालं?"

मी सांगितलं. शेलूचंही सांगितलं, सगळी गावं, शैला, भोकराचं लोणचंसुद्धा. अनोळखी माणसाला सांगताना गोष्ट किती वेडगळ वाटते ते तेव्हा कळलं. शांताबाई हसल्या नाहीत. त्या अण्णांपुढे स्टूल ओढून बसल्या.

"बुवा, तुमी गाव पाहून राह्यले का मानूस?"

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले.

"मानूस हाये का?"

अण्णांनी मान हलवली. होकाराची.

"एक आतेबहीण आहे, पण ती नव्हे," मी म्हटलं.

"ते बाईमानूस झालं. बुवा, बाप्यामानूस हाये का तुमचा शेलू?"

अण्णांनी डाव्या हाताने शांताबाईंचं मनगट धरलं. अण्णांच्या गळ्यातून आवाज निघाला, त्यात कुठलाच शब्द नव्हता. इतके महिने आम्ही गावं धुंडाळली, झाडापर्यंत पोचलो, पण शेलू हे एखाद्या पुरुषाचं नाव असेल हे घरात कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मले एकच शेलू ठाऊक हाये," शांताबाई म्हणाल्या. "मालेगावचा शेलूभाई, गादीवाला. आमच्या लग्नातल्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या. हाये का तो?"

मालेगाव म्हटल्याबरोबर अण्णा खुर्चीतून उठायला लागले. मी बोंडे कागदात गुंडाळले. शांताबाईंनी निरोप देताना एवढंच म्हटलं, "लय म्हातारा झाला असन आता. हाये का नाई, ते मले मालूम नाई बाप्पा."

परतीचा तो रस्ता मला आठवत नाही. आठवते ती मनातली बेरीज-वजाबाकी. माणूस नसला तर अण्णांना काय सांगायचं? खोटं कसं बोलायचं? आणि त्यांनी ते ओळखलं तर?

मालेगावात अण्णांनी काच वाजवली त्याच ठिकाणी गाडी थांबवली. गल्ली तीच होती. आत गाद्यांचं दुकान होतं आणि त्याचं शटर खाली होतं. त्याला कुलूप होतं. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं, "शेलूभाई..?" पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

"शुक्रवार हाये ना ताई. नमाजले गेले. येतीनच आता, बसा."

मी त्याच्या दारातल्या पोत्यावर बसले. त्याने पाणी दिलं, ते सगळं प्यायले.

थोड्या वेळाने गल्लीतून पांढऱ्या टोप्यांची रांग येऊ लागली. त्यातला एक उंच, वाकलेला म्हातारा काठी टेकत दुकानाशी आला, किल्ली काढली, आणि गाडीच्या उघड्या दाराकडे बघून थांबला. अण्णा आत बसलेले होते. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी ओळख करून द्यायला पुढे झाले, पण त्याची गरज पडली नाही.

"मास्तर?" म्हातारा म्हणाला.

"शेलू," अण्णा म्हणाले.

नुसतं शेलू. त्याला 'ला' नव्हतं.

शेलूभाईंचं खरं नाव शेख लुकमान. घर दुकानाच्या मागेच होतं. त्यांच्या सुनेने, नसीमने, मला हाताला धरून आत नेलं. जेवायला ज्वारीची भाकर होती, वांग्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा आणि कांदा. अण्णा मटण खात नाहीत हे लुकमानचाचांना पन्नासेक वर्षांनंतरही पक्कं माहीत होतं. सुनेला त्यांनी आधीच बजावलं. अण्णांनी अख्खी भाकर खाल्ली. मी आपली ताटाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते.

मग चाचांनी सांगितलं. अण्णा इथल्या शाळेवर नवे लागले, तेव्हा चाचांच्या वडिलांनी त्यांना दुकानावरची खोली राहायला दिली. "आमी एकाच वयाचे. मास्तरले पह्यल्याच साली टायफाइड झाला. माझ्या अम्मीनं केलं त्याचं. मी रात्री बसून राहो. तापात शेख लुकमान, शेख लुकमान करे, त्याची जीभ अडके. मंग त्याचं झालं शेलू. बरा झाला तरी तेच म्हने. मंग गावानंच उचललं. आता मले लुकमान म्हनलं त मीच वळून पाहत नाई."

"मग भेट का नाही झाली इतकी वर्षं?" मी विचारलं. "काही भांडण?"

"भांडन कायले? त्याची बदली झाली. चिठ्ठ्या आल्या चार-दोन. त्याचा संसार झाला, माझा झाला. बस."

अण्णा ऐकत होते. मधेच त्यांनी चाचांच्या गुडघ्यावर थोपटलं, जणू चाचा हे सगळं नीट सांगताहेत.

आम्ही रात्री परतायचं ठरवलं होतं, पण चाचांनी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर अण्णा खाटेवर नव्हते. मी दुकानात गेले. दोघं जमिनीवर कापसाच्या ढिगाशी बसलेले होते, अण्णा भिंतीला टेकून. कापूस पिंजायला आता यंत्र आहे, पण जुन्या गादीतला गठ्ठा झालेला कापूस आधी हाताने मोकळा करावा लागतो. चाचा अण्णांच्या उजव्या मुठीत कापूस देत होते आणि डाव्या हाताने ओढायला लावत होते. बोटं उघडत नव्हती. चाचा थांबत, परत देत.

"काहून टाकून देते? धर. अजून धर," ते म्हणत होते.

अण्णांनी टाकला नाही. उजव्या बोटांची चिमूट झाली, सुटली, परत झाली. मी दाराच्या बाहेरच उभी राहिले. नसीम चहा घेऊन आली, तिने माझा चेहरा पाहिला आणि कप माझ्या हातात देऊन आत गेली.

आम्ही आणखी एक दिवस राहिलो. निघताना चाचांनी कापसाचं एक पोतं गाडीत टाकलं आणि मला बजावलं की रोज सकाळी अण्णांपुढे ठेवायचं. जालन्यापर्यंत अण्णा झोपून होते, तोंड उघडं टाकून, घोरत. तो आवाज मला गाण्यापेक्षा गोड वाटला.

प्रवासाला निघताना आपण ठिकाण शोधतो. पाटी वाचतो, नकाशा बघतो, अंतर विचारतो. मी त्या रस्त्यावरून पुन्हा गेले तर खुणेचं ठिकाण म्हणून मला फक्त ती गल्ली दिसेल, बाकीचा जिल्हा तिच्या भोवती.

घरी आल्यावर काही दिवसांनी सुधीरचा फोन आला. मी फोन अण्णांच्या कानाशी धरला. त्यांनी बराच वेळ ओठ जुळवले आणि नवा शब्द काढला.

"मालेगावला."

सुधीर गोंधळला. "कुठल्या, अण्णा? नाशिकजवळच्या?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, या मुलाला काही कळत नाही अशा नजरेने. मग फोनकडे तोंड करून, एकेक अक्षर लावत म्हणाले, "शेलूच्या."