खळ्यातलं कासव

मी धर्माजी राऊतांची सून, म्हणजे या गोष्टीत शत्रूपक्षातली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, पूनमने मनुकाकीची बाजू घेऊन तिखटमीठ लावलं. तिखटमीठ लावायची गरजच पडली नाही.

मनुकाकी माझी चुलत सासू, माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. वीस वर्षांपूर्वी काका वारले, मूलबाळ नाही. नागावात आमची एकच नारळी-पोफळीची वाडी, एक विहीर, एक खळं. कागदावर सगळ्यातलं निम्मं काकीचं. प्रत्यक्षात तिला मागची खोली आणि दोन माड. बाकीचं मामंजींनी “एकत्रच आहे ना” एवढ्या तीन शब्दांत गुंडाळून ठेवलेलं. काकी त्यावर कधी बोलली नाही. ती समुद्राकडच्या एका बंगल्यात झाडलोट करायची आणि आपलं आपण शिजवून खायची.

त्या बंगल्याचे म्हातारे पारशी मालक, दस्तूरसाहेब, मार्चमध्ये मुलीकडे परदेशी गेले. जाताना आपलं कासव काकीला देऊन गेले. सरकारी नोंदणी रीतसर तिच्या नावावर केली आणि त्याची निगा कशी राखायची ते चार पानांवर मराठीत लिहवून दिलं. जेवायच्या ताटाएवढं ते कासव मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या रानातलं. काकीने त्याचं नाव बाबल्या ठेवलं.

आता आमच्या आळीची रीत अशी, की उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला की नारळ फोडायचा आणि विहिरीत कासव सोडायचं. ते किडेमकोडे खातं, पाणी साफ राहतं. आमच्या विहिरीतलं जुनं कासव गेल्या वर्षीच मेलं होतं. त्यामुळे बाबल्याला पाहून मामंजींना देवच पावला.

“गाळ काढून होऊंदे, मंग सोडू,” ते म्हणाले.

“ह्यो जमिनीवरचा हाय, भावजी. याला पवता येत न्हाय,” काकी म्हणाली.

सगळे पोट धरधरून हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

काकीने ती चार पानं भिंतीला चिकटवली आणि कामाला लागली. देवाचा अवतार घरी आला म्हणून आळीतल्या बायका हळदकुंकू, केळी, वाटीभर दूध घेऊन यायला लागल्या. काकी झाडू घेऊन दारात बसली. “नमस्कार लांबून करा. कुंकू लावायचा न्हाय, केला द्यायचा न्हाय, दूध तर न्हायच न्हाय.” बायका नाकं मुरडून परत गेल्या. बाबल्याला मिळायचं ते गवत, जास्वंदीची पानं आणि काटे काढलेला निवडुंग. कवच मजबूत व्हावं म्हणून ती पहाटे किनाऱ्यावर जाऊन लाटांनी टाकलेला समुद्रफेण, म्हणजे माकुळाची पांढरी हाडं, वेचून आणायची आणि सुरीने खरवडून पाल्यावर भुरभुरायची. माझ्या लग्नात तिने इतका वेळ घेतला नव्हता.

मी तिला मुंबईच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरचा फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाला, ओल हा याचा शत्रू. याला दिवसभर ऊन हवं, आणि पावसाळ्याआधी कोरडी, उबेच्या दिव्याची खोपी हवी. वाडीत ऊन कुठलं? सगळी सावली आणि ओलावा. ऊन फक्त खळ्यात, आणि खळ्यात मामंजींची सुपारी वाळत पडलेली.

एका सकाळी काकीने खळ्याच्या बरोबर मधोमध दोरी ताणली आणि सुपारी अलगद पलीकडे सारून जांभ्याचे चिरे लावायला सुरुवात केली.

“यो काय चाललाय?” मामंजींनी विचारलं.

“कुंपन.”

“जनावरापायी खला अडवनार तू?”

“अडवत न्हाय. माझ्या निम्म्यात हाय.”

निम्मं हा शब्द आमच्या घरात वीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. मामंजींनी आपली सुपारी पलीकडे ओढून घेतली. आठ दिवस त्यांनी कुंपणाचं नावही काढलं नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

गाळ काढायच्या दिवशी काकी नेहमीसारखी किनाऱ्यावर गेली. मामंजींनी मला पूजेचं ताट करायला सांगितलं आणि नवऱ्याला सांगितलं, “ती यायच्या आत उरकू.” म्हणजे मला माहीत होतं. ताट भरेपर्यंत मी गप्प बसले, मग मात्र राहवलं नाही आणि काकीला बोलवायला किनाऱ्याकडे पळत सुटले. मी उशीर केला. त्याला दुसरं कोणी जबाबदार नाही.

आम्ही परतलो तेव्हा नारळ फुटला होता. विहिरीत कमरेएवढं पाणी, आणि तळाशी बाबल्या. त्याचे पाय हलत नव्हते.

 काकीने पदर खोचला आणि विहिरीच्या कडेच्या लोखंडी पायऱ्यांवर पाय टाकला.

“मनू, पूजा झालेय. तुझा पाय पान्याला लागता कामा नये,” मामंजी म्हणाले. विधवेचा, एवढंच त्यांनी बोलायचं ठेवलं.

काकी वर बघून म्हणाली, “मंग तुमी उतरा.”

सगळे विहिरीपासून एक पाऊल मागे सरले. अठ्ठावन्न वर्षांची बाई उतरली, तिने पाण्यात बुडी मारून ते जड जनावर उचललं, गाळ काढायच्या दोराच्या टोपलीत घातलं. टोपली मी ओढली. वर येऊन तिने त्याचं डोकं खाली धरलं. तोंडातून, नाकातून पाणी गळत राहिलं. बराच वेळ नुसतं पाणीच. मग एक पुढचा पाय हलला, आणि मी रडायला लागले.

“विहीर बाटली,” मामंजी म्हणाले.

“मंग पिऊ नका,” काकी म्हणाली.

त्याच दुपारी मांडव्याच्या बोटीने आम्ही दोघी बाबल्याला घेऊन मुंबईला गेलो. घरी न विचारता मी उंबरठ्याबाहेर पडले, ती पहिलीच वेळ. चार दिवस इंजेक्शनं, वाफारे झाले. छातीत पाणी गेलं होतं, तरी वाचला. डॉक्टरने विचारलं, पाण्यात कसा पडला? काकी म्हणाली, पडला न्हाय, टाकला.

परत आल्यावर तिने हात धुतले आणि सरळ कुंपणाचं अर्धं राहिलेलं काम पुढे सुरू केलं. चिरे हातभर जमिनीत पुरायचे, कारण बाबल्या उकरतो. आळीतले चारपाच जण बघायला जमले. मी चिरे उचलून देत होते. मामंजी ओटीवरून उतरून आले.

“आनि तू गेल्यावर याचा काय?”

काकीने चिरा बसवून हात झटकले. “शंभर वरसा जगतो म्हनतात. तुमी जाल, मी जाईन. माझ्या निम्म्यात कुनीतरी बसलेला असंल.”

जमलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. मामंजी माझ्याकडे वळले.

“पूनम, घरात चल.”

“येते मामंजी,” मी म्हणाले. “एवढी रांग पुरी करून येते.”