भटूची मूठ

अमळनेरच्या झुंबरबाईंचा आवाज गल्लीनं कधी चढलेला ऐकला नाही. नवरा तोताराम तेलगिरणीत, घर दोन खोल्यांचं, आणि भिंतीला भिंत लावून थोरली जाऊ भिकुबाई. घरातला शब्द भिकुबाईंचा, हात झुंबरबाईंचे. असंच बावीस-पंचवीस वर्षं चाललं होतं आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

कानबाईच्या रोटांचे गहू मोजायचं काम मात्र झुंबरबाईंचंच. श्रावणातल्या एका रविवारी खानदेशात कानबाई देवी घरोघर येते. त्याआधी कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. त्याच गव्हाचे जाड रोट भाजायचे. ते कुळाबाहेर कोणाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. सासू जाताना म्हणाली होती, "मूठ झुंबरनी भरावी. तिच्या हातून दाणा सांडत नाही."

त्यांचा एकुलता एक भटू वेल्डर होता. धुळ्याच्या एका एजंटामार्फत तो कुवेतला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तरी त्याची मूठ पडतच होती. त्याच्या वाट्याचं घरातले खात. पण मागच्या वर्षी पौर्णिमेला एक रोट उरला, त्याला बुरशी धरली आणि तो गोठ्याच्या कडेला पुरावा लागला. भिकुबाईंच्या मनाला ते फार लागलं होतं.

म्हणून नव्वद सालच्या श्रावणात झुंबरबाईंनी "भटू" म्हणून मूठ उचलली, तेव्हा भिकुबाईंनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. कोन खाई त्यानं?"

"अक्का, नाव शे त्यानं कुळमा."

"कुळमा शे, घरमा शे का? ज्या देशाचं खातो तिथल्या देवानं मोजावं त्याला. मागच्यासारखा रोट पुरना का तुले?"

झुंबरबाईंनी मूठ उघडली. गहू परत डब्यात गेले. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कानबाई आली, गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत नदीला गेली. आणि त्याच आठवड्यात रेडिओवर आलं की इराकचं लष्कर कुवेतमध्ये शिरलं. झुंबरबाईंना इराक कुठं, कुवेत कुठं, काही ठाऊक नव्हतं. भटू तिथं होता, तेवढं ठाऊक होतं.

राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या जवरीलाल शेठच्या दुकानात गूळ घ्यायला गेल्या. शेठ पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"भाभी, भटू त्याच बाजूला ना? जगाच्या पंचायतीनं बंदी घातली. गावकी एखाद्या घराला वाळीत टाकते ना, तसं. आता तिथून तेल बाहेर नाही, बाहेरून माल आत नाही."

"धान्य?"

"ते पण अडकलं समजा."

"मग त्या घरात जी परकी माणसं कामाला आहेत, त्यांनी काय खायचं?"

शेठनी पेपराची घडी केली. "वाळीत टाकणारा एवढं कुठं बघतो, भाभी?"

झुंबरबाई गूळ तिथंच विसरून घरी आल्या. त्यांच्या डोक्यात एकच घुमत होतं. जगानं आता बंद केलं. मी त्याच्याआधीच बंद केलं.

घरी भिकुबाई रोटांची टोपली पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. टोपलीत एक रोट होता.

"पौर्णिमा काल झाली," त्या म्हणाल्या. "काल मी माझ्या हातानं टोपली झटकून ठेवली. हा कोठून ऊना? तू चोरून भरी ना त्यानी मूठ?"

"कानबाईनी आन, अक्का. मी त्यानी मूठ भरेलच नही."

दोघी त्या रोटाकडे बघत राहिल्या. बाहेर पाऊस होता, भिंतींना ओल होती, आणि रोट मात्र आताच तव्यावरून उतरल्यासारखा.

"मातीमा पुरी टाक," भिकुबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा झुंबरबाईंनी जावेला नाही म्हटलं. रोट फडक्यात बांधला आणि देवघरासमोरच्या शिंक्यात, हात वर करूनच पोचेल असा टांगला. त्या दिवसापासून दिवेलागणीला फडकं सोडायचं, भटूचं नाव घ्यायचं, हात जोडायचे आणि पुन्हा बांधायचं, असा नेम सुरू झाला.

तिसऱ्या का चौथ्या सांजेला कडेचा एक घास कमी दिसला.

"उंदीर असेल," तोताराम म्हणाला.

"उंदीर गाठ सोडून खातो, आणि परत बांधतो?"

तोतारामनं शिंक्याची दोरी ओढून बघितली, फडक्याची गाठ बघितली, आणि चिलीम पेटवायला बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक घास गेलेला. कुरतडल्याची खूण नाही. माणूस बोटांनी मोडतो तसा मोडलेला. मोठा घास कधीच नसे. उद्याचा विचार करून खाल्ल्यासारखा.

पहिले काही दिवस झुंबरबाईंना धीर आला. खातो आहे म्हणजे आहे. मग एके सांजेला फडकं सोडताना त्यांच्या ध्यानात आलं की रोट निम्म्यावर आला आहे. तो संपला म्हणजे? तेव्हापासून त्यांना गाठ सोडायची भीती वाटू लागली. सोडल्याशिवाय राहवतही नसे. नवं काही भरून ठेवावं, तर मूठ वर्षातून एकदाच पडते. कानबाई नदीला गेली की सूप उलटं.

त्या भिकुबाईंकडे गेल्या. "अक्का, एक मूठ आता भरू द्या. मोठ्या तुम्ही, तुम्ही हो म्हटलं तर चालेल."

"मी कोन हो म्हननारी? नेम नेम शे." पण हे बोलताना भिकुबाईंनी जावेकडे बघितलं नाही.

तिकडे पेपरात येत होतं की आपल्या सरकारनं आपल्या माणसांसाठी जहाजभर धान्य न्यायची परवानगी मागितली आहे, आणि त्यावर मोठमोठ्या देशांची बोलणी चालली आहेत. तोतारामनं वाचून दाखवलं.

"खाऊ घालायला परवानगी?" झुंबरबाई म्हणाल्या. भिंतीपलीकडे भिकुबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

भटूची चिठ्ठी नाही, फोन नाही, सांगावा नाही. भादवा अर्धा सरला. पितृपक्षात भिकुबाईंनी पितरांना वाढलं, तेव्हा झुंबरबाई चुलीकडे पाठ करून बसल्या. घटस्थापनेला रुपयाएवढा तुकडा उरला होता. आणि मग तो कमी व्हायचाच थांबला. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तिसऱ्या दिवशी तेवढाच. झुंबरबाईंनी अन्न सोडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दारात सावली पडली. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, अंगात कोणाचा तरी मोठा सदरा. जळगावहून एसटीनं आला होता.

"माय."

झुंबरबाई धावल्या नाहीत. सासूचा शब्द त्यांना आठवला : गेलेल्या माणसाच्या घशाखाली कानबाईचा रोट उतरत नाही. त्यांनी शिंक्यातलं फडकं सोडलं आणि तो तुकडा तळहातावर धरून पुढे केला.

"आधी हाई खा."

भटूनं तुकड्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे सरला. मान हलवली.

"खा रे बापा. एवढा घास खा."

"नको, माय." त्याचा आवाज थकलेला होता. "ट्रकमा हाईच, वाळवंटमा हाईच. रोज हाईच खादं तठे. माले भाकर दे. मिरचीना ठेचा दे."

कोण देत होतं, कसं देत होतं, हे झुंबरबाईंनी विचारलं नाही; पुढेही कधी विचारलं नाही. तुकडा पाटावर ठेवून त्यांनी थापून दिलेल्या भाकरी तो खाली मान घालून खात राहिला. घास घशाखाली उतरताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, ती त्या बघत राहिल्या. तोतारामला गिरणीत निरोप गेला होता.

भिकुबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. पाटावर पडलेल्या तुकड्याकडे त्यांचं लक्ष गेलं. रोट संपवायला हवा होता, आणि कुळातल्याच कोणीतरी. त्यांनी पदर डोक्यावर ओढला, तुकडा उचलून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. दोन वेळा चावला आणि त्या थांबल्या. हळूच भिंतीला टेकून खाली बसल्या.

"झुंबर," त्या म्हणाल्या, "हाऊ तर अजून गरम शे."