वळणावर वाजवायची घंटा

कोळीवाड्याच्या अलीकडे मिठागरांचा बांध उजवीकडे वळतो. त्या वळणावर मी सायकलची घंटा वाजवायची, असं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी उरणच्या इस्पितळात नर्स म्हणून लागले त्याच आठवड्यात वाड्यातल्या एका तरुण नाखव्यानं माझ्या वडिलांना बाजारात गाठलं. वडील मिठाच्या खात्यात कारकून. रात्री जेवताना ताटाकडे बघत ते म्हणाले, "मचवे निघायच्या वेळीच तू तिथून जातेस. अंगावर पांढरं लुगडं, त्यात सायकल. दर्यावर जाताना समोर पांढरं आलेलं त्यांना चालत नाही. वळणावर घंटा वाजवत जा, म्हणजे ते तोंड फिरवतील."

मी "बरं" म्हटलं. "बरं" म्हणणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. मुंबईला मामाकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले, नर्सिंगही तिथंच केलं. चारचौघांत बोलायची वेळ आली की वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं, आणि त्याचं मराठी होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची.

सायकल जुनी होती, बायकांची. लुगडं अडकू नये म्हणून मागच्या चाकाला सुतळीची जाळी विणलेली होती. सकाळी बांधावरून निघाले की एका हाताला मिठाचे वाफे, दुसऱ्या हाताला खाडी. वळण आलं की घंटा. मग खांद्यावर जाळी घेतलेले पुरुष होते तिथंच थांबून पाण्याकडे वळायचे. म्हाताऱ्या मुलांना आत ओढायच्या. दारं लागायची. सबंध वाड्यातून मी जायची, तेव्हा मला फक्त पाठी दिसायच्या. पुढं पुढं मी पाठींवरून माणसं ओळखायला लागले.

पावसाळा सरल्यावर त्यांचा एक मचवा गेला तो परत आला नाही. तो निघाला त्या दिवशी मी तापानं घरी पडून होते. वडिलांनी हे दोघातिघांना सांगितलंही. लोकांनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर दारं जास्त लवकर लागायला लागली.

एक बाई मात्र आत जायची नाही. ती त्याच तरुण नाखव्याची बायको. माझ्याच वयाची असेल. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत ती दाराशी उभी असायची, आणि घंटा ऐकूनही माझ्याकडे तोंड करून हसायची. हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेला. तो हात हलवून ती ओरडायची, "काय गो नरसबाय, घोऱ्याला चारा घातला का?"

सायकल म्हणजे माझा घोडा. मी नुसती मान हलवायची. एकदा धीर करून म्हटलं, "आज उपाशी आहे." ती इतकी हसली की आतून सासू ओरडली. त्या दिवशी इस्पितळात मी उगीचच खुशीत होते. वाड्यात माझ्यासाठी तोंड असलेलं ते एकच माणूस.

ती गरोदर आहे हे मला थंडीत दिसलं. पहिलंच. फाल्गुनात तिचे पाय सुजलेले दिसले. ते पुष्कळजणींचे सुजतात. मग एका सकाळी तिचा चेहरा वेगळा वाटला, डोळे आत गेल्यासारखे. मी सायकलवरून बघत होते, नीट काही कळेना. दोन दिवसांनी तिनं नेहमीसारखा हात हलवला आणि काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. मिठागर मागं पडलं तरी ते काय हे मला सांगता येईना. मग लक्षात आलं. बांगड्या वाजल्या नव्हत्या.

मनगट सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

मी आमच्या मेट्रनला सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "नुसते पाय असते तर काही म्हटलं नसतं. हात आणि तोंड सुजलं, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं काही चमकायला लागलं, की झटके येतात. झटका आला की आई आणि मूल, दोन्हींचा भरवसा नाही. तिला आण." थोड्या वेळानं तिनं मला परत हाक मारली. "आणि गाडीत घालून आणू नकोस. बांधावर बैलगाडी कशी हादरते ठाऊक आहे ना? वाटेतच झटका येईल."

म्हणजे मचव्यातून, खाडीनं. दुसरी वाट नव्हती.

परतताना मी तिच्या दाराशी पहिल्यांदाच सायकलवरून उतरले. सासू मांडवाखाली बोंबील गोळा करत होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, जणू ते कुठं टेकले ते नंतर तिला शेणानं सारवायचं होतं.

"हितं कोन मेलंय?" ती म्हणाली.

"सुनेला बघायचं होतं."

"बघ की. डोले भरून बघ. कशी अंगानं भरलीय माजी सून! आली तवा काठी होती. पोरगाच व्हनार."

सून दारात बसली होती. हसली, पण कपाळावर हात धरून. मी विचारलं, "डोकं दुखतंय?"

"दुखतं गो. काल धरनं."

"डोळ्यांपुढं काही दिसतं?"

"काजवे दिसतान," ती म्हणाली. "काल्या पान्यात वल्हं मारलं की चमकतं ना, तसं."

सासू खूश होऊन म्हणाली, "दर्याचं लेनं हाय त्ये. दर्यानं ओलखलं पोराला."

मी म्हटलं तिला उद्या इस्पितळात न्यायला हवं, मचव्यातून न्यायला हवं. सासूनं टोपली खाली ठेवली. "मचवा सकालच्या भरतीला दर्यात चाललाय. पाच दिसांनी येल. आनि पोटुशी बाय मचव्यात? तुज्या त्या मरनाच्या घरात? पांढरं नेसून दारात उभी ऱ्हायलीस तेवढं पुरे. जा तू, बाय."

मी गेले. घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण परके आहोत इथं. सांगितलंस ना तू? झालं." ते वाईट माणूस नाहीत. त्यांना मीठ, वाफे आणि वाड्यातली माणसं रोज लागत.

पाच दिवस. ती तेवढे काढणार नाही हे मला कळत होतं.

सकाळी धुकं नव्हतं. खाडी भरत आली होती आणि वारा पडला होता. वळणाच्या अलीकडे मी उतरले. साखळीचा आवाज होऊ नये म्हणून सायकल हळूहळू ढकलत नेली. घंटेवर हात सुद्धा ठेवला नाही. वाड्यात कोणाचं लक्ष नव्हतं. मचवे पाण्याला लागले होते, माणसं जाळी चढवत होती. पहिल्यांदाच मला त्या सगळ्यांचे चेहरे दिसले, आणि ते साधे, झोपेतून नुकते उठलेले चेहरे होते.

मी सायकल धरूनच चिखलात उतरले आणि मचव्यांच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिले. पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावर पदर न घेता.

आधी एकानं पाहिलं. मग बोलणं बंद पडलं. एका म्हाताऱ्यानं हातातलं वल्हं सावकाश खाली ठेवलं. "गेला आजचा दिस," तो म्हणाला.

नाखवा माझ्याकडे आला. चालताना तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, लुगड्याकडे बघत होता. "घंटा कुटं गेली तुजी?"

मी जागची हलले नाही.

"मुद्दाम आडवी आलीय ती," मागून कोणी म्हणालं. "ह्या साली एक मचवा खाल्ला तिनं. आनखी पायजे असंल."

दोघेतिघे हसले, पण जवळ आले. सायकल माझ्या हातातून निसटून चिखलात पडली. मला वाटलं, आता ही माणसं मला हात लावणार. आणि वाटलं, लावू देत, पण मचवे जाता कामा नयेत.

"आज तुम्ही दर्यात जाणार नाही," मी म्हटलं. "मला बघितलंत. मग मचवा रिकामाच आहे. तिला घेऊन खाडीनं बंदरावर, इस्पितळात चला."

"माज्या बायकोला काय धाड भरलीय?"

मला त्याला समजेल असं काही सांगता येईना. झटके, सूज, सगळं इंग्रजीतच येत होतं. मग मी म्हटलं, "तिला हात हलवायला सांग."

ती दारात येऊन उभी होती, चौकटीला धरून. तो वळला. "हात हालव गो," तो म्हणाला.

तिनं हात वर केला आणि हलवला. वाड्यात तेव्हा एवढी शांतता होती की मचव्याखालचं पाणी ऐकू येत होतं. बांगड्या वाजल्या नाहीत.

"परत हालव."

तिनं परत हलवला. तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बांगड्या त्यानंच तिला बाजारात नेऊन भरलेल्या. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा त्याच्या कानात जास्त होता. तो तिच्यापाशी गेला, मनगट हातात घेतलं, बांगडीखाली बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही.

सासू म्हणाली, "अंगानं भरलीय रं ती."

"आये, गप," तो म्हणाला.

त्यानंच तिला उचलून मचव्यात आणलं. मला घ्यायला कोणी तयार नव्हतं. पांढरं नेसलेली बाई मचव्यात चढली तर मचवा कायमचा बाटला. शेवटी म्हाताऱ्यानं शीड ओढून काढलं, आम्हा दोघींवर टाकलं आणि म्हणाला, "आता ती दिसत नाय." ते बरंच झालं. उजेड तिला सोसत नव्हता.

शिडाखाली काळोख होता आणि माशांचा, डांबराचा वास. तिचं डोकं माझ्या मांडीवर. वल्ह्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. ती कुजबुजली, "घोरा कुटं हाय?"

"चिखलात."

"काजवे लय झाले गो," ती म्हणाली, आणि मग बोलली नाही. मी तिचं मनगट धरून बसले. नाडी बोटाखाली ठोके देत होती, फार जोरात.

झटका आला तो इस्पितळाच्या पायरीवर. मेट्रन तयार होती. हात आवळून निळे पडले होते, बांगड्या काढता येत नव्हत्या. मी बाहेर ओसरीवर येऊन नाखव्याला आणि मचव्यातूनच आलेल्या सासूला सांगितलं, "बांगड्या फोडाव्या लागतील."

सासूनं माझ्या तोंडावर हात मारला. जोरात नाही, भांड्यावरची माशी हाकलतात तसा. "वाढवाव्या म्हन," ती म्हणाली. "नवरा जित्ता हाय तिचा." मग तिनं मुलाला आपल्याजवळ ओढलं आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं. आत काच तडकायला लागली. प्रत्येक तडकण्याला ती मुलाच्या तोंडाकडे बघायची. तो जिवंत आहे ना, ते. शेवटची बांगडी निघेपर्यंत तिनं हात सोडला नाही.

मूल मेलेलंच आलं. मुलगाच होता. ती वाचली. शुद्धीवर यायला तिला वेळ लागला, आणि आल्यावर तिनं आधी स्वतःचे मोकळे हात पाहिले आणि किंचाळली. मी नवऱ्याला आत बोलावून तिच्यासमोर उभं केलं, तेव्हा ती थांबली.

वाड्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. पांढरी बाय मचव्यात बसली आणि पोर गेलं. तिला घरी नेताना सासू माझ्यापाशी थांबली. मला वाटलं काही बरं बोलेल. "आता घंटा वाजवत जा," ती म्हणाली. "इसरू नको."

सायकल मला बांधाला टेकवून उभी केलेली मिळाली. कोणी केली ते कळलं नाही. भरतीचं पाणी तिच्यावरून गेलं होतं. घंटा गंजली होती, आणि तिचा आवाज आता ठसका लागल्यासारखा येतो.

मी वळणावर ती वाजवते. पाठी वळतात, दारं लागतात. नाखवाही वळतो. तिचंही दार आता इतरांच्या बरोबर लागतं. मांडवाखाली ती मला पुन्हा दिसलेली नाही. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून पुढं निघाले होते, तेवढ्यात त्या बंद दारामागं बांगड्या वाजल्या. नव्या, सैल. एकदा, आणि थांबून पुन्हा.

वर्ष होत आलं, तेव्हापासून त्या रोज वाजतात. तिला निरोप देताना मेट्रन मला बाजूला घेऊन म्हणाली होती की असं एकदा झालं की पुढच्या गरोदरपणातही अशीच सूज येऊ शकते. म्हणून त्या दारापाशी मी पाय थांबवते आणि सायकल नुसती घरंगळू देते. साखळी गप्प असली म्हणजे नीट ऐकू येतं. आज सकाळी वाजल्या, पण मला वाटलं, कालच्यापेक्षा जरा कमी.